‘ट्राय अगेन’ हे दोन शब्द: नेट नसताना ईमेल पत्ता कसा शोधतं

एकदा प्रवासात लॅपटॉपवर चार पत्रं लिहिली. नेट नव्हतं, त्यामुळे ती लगेच जाणार नाहीत हे ठाऊकच होतं. लाईन आली की जातील म्हणून निर्धास्त होतो. संध्याकाळी एका प्रतीक्षागृहातलं फुकटचं वायफाय पकडलं. पाहतो तर तीन पत्रं अजून रांगेतच, आणि चौथं चक्क माझ्याकडे परत आलेलं. कारण दिलं होतं की असं डोमेनच नाही. ज्या डोमेनवर मी कित्येक वर्षं पत्रं पाठवतोय ते जगात अस्तित्वातच नाही, असं माझा लॅपटॉप मला छातीठोकपणे सांगत होता.

लॉग, म्हणजे पत्रं पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची नोंदवही, उघडला. तिघांपुढे इंग्रजीत लिहिलं होतं, ‘होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन’. चौथ्यापुढे नुसतंच ‘होस्ट नॉट फाउंड’. फरक फक्त शेवटच्या दोन शब्दांचा. ते जिथे होते ती पत्रं बचावली, जिथे नव्हते ते परत आलं.

हे सगळं कोणासाठी, ते आधी सांगून टाकतो. ब्राउझर उघडून मेल पाहणाऱ्याला याची गरज नाही, त्याची रांग दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावर असते. पण ज्यांच्या स्वतःच्या यंत्रावर पोस्टफिक्स, एक्झिम किंवा सेंडमेल यांपैकी एखादा मेल सर्व्हर, म्हणजे पत्रं घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम, चालतो आणि ते यंत्र कधी नेटवर असतं, कधी नसतं, त्यांनी जरूर वाचावं. असा लॅपटॉप असेल, उपग्रहाच्या लाईनवरचं जहाज असेल, किंवा दिवसातून दोनदा मोबाईल डेटा चालू करून अहवाल पाठवणारं डोंगरातलं एखादं मोजणी केंद्र.

पत्र निघण्याआधीची विचारपूस

पत्त्यात ॲटच्या उजवीकडे जे असतं ते डोमेन. मेल सर्व्हर पत्र हातात घेतो आणि सर्वांत आधी विचारतो, या डोमेनची पत्रं घेतं कोण? हा प्रश्न डीएनएसकडे, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची माहिती देणाऱ्या यंत्रणेकडे, जातो आणि उत्तरात एमएक्स नोंदी येतात. त्या म्हणजे एक किंवा अनेक यंत्रांची नावं, प्रत्येकापुढे पसंतीचा एक आकडा. आकडा जितका लहान तितकी पसंती वरची. मग दुसरा प्रश्न, त्या यंत्राचा आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांतला पत्ता, काय? एमएक्स नोंद नसेल तर डोमेनच्याच नावाचा आयपी पत्ता विचारला जातो. इतकं झाल्यावर कुठे खरं दार ठोठावलं जातं.

पूर्वी ही विचारपूस नव्हती. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधलं केंद्र ती फाइल सांभाळायचं आणि बाकीचे अधूनमधून तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. आज चालतं ते त्याचंच १९८७ मध्ये पक्कं झालेलं रूप. फाइल गेली ते बरंच झालं. पण एक सोयही गेली: फाइल आपल्या डिस्कवर असायची, लाईन असो वा नसो. डीएनएस म्हणजे दर वेळी जाऊन विचारणं, आणि जायला रस्ता लागतो.

गंमत अशी की एमएक्स नोंद जन्माला येण्यामागे सतत न जोडलेल्या यंत्रांचाही मोठा वाटा आहे. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी ९७४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे क्रमांकित दस्तऐवज) लिहून एमएक्स नोंदींवरून पत्र कुठे न्यायचं याचे नियम घालून दिले. त्या काळात असंख्य यंत्रं इंटरनेटवर नव्हतीच. ती यूयूसीपी नावाची पद्धत वापरून, बहुधा रात्री, एकमेकांना फोन लावून पत्रांची गठडी बदलायची. अशा यंत्राच्या नावावर एमएक्स नोंद करून सांगता येऊ लागलं की याची पत्रं सतत जागं असणाऱ्या अमुक शेजाऱ्याकडे द्या, तो पुढचं बघेल. आपल्याकडे येणाऱ्या पत्रांचा प्रश्न तेव्हाच सुटला. आपल्याकडून जाणाऱ्या पत्रांसाठी उत्तर तेच आहे, फक्त ते आपल्याला हाताने लिहावं लागतं. त्याकडे येतोच.

न आलेलं उत्तर आणि नकार

पत्ता शोधायला माणूस पाठवला. एकदा तो परत येऊन म्हणतो, ‘घर सापडलं, हे बघा.’ एकदा म्हणतो, ‘चावडीवर विचारलं, त्या नावाचं कुणी तिथे राहतच नाही.’ आणि एकदा तो परतच येत नाही, पुलावरून पाणी जात असतं. तिसऱ्या वेळी पत्रावर ‘पत्ता चुकीचा’ असा शिक्का मारून ते परत करणं हा शुद्ध आततायीपणा झाला. थांबायचं, पाणी ओसरू द्यायचं.

डीएनएसमध्ये हे तिन्ही प्रकार आहेत. नाव अस्तित्वात नाही याला एनएक्सडोमेन म्हणतात, आणि हे चांगलं ठाम उत्तर आहे. ज्याला अधिकार आहे त्याने सांगितलेलं. नेमसर्व्हरलाच, म्हणजे आपल्या वतीने नावं शोधणाऱ्या यंत्रालाच, पुढे विचारता आलं नाही तर तो सर्व्हफेल म्हणतो. आणि कुणीच काही बोललं नाही तर वेळ संपते. शेवटच्या दोन्हींचा अर्थ ‘माहीत नाही’ इतकाच. ईमेलच्या वाहतुकीचे नियम ज्यात आहेत त्या २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये हे स्वच्छ लिहिलंय: तात्पुरती चूक आली तर पत्र रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करायचा, आणि डोमेन नसल्याचं उत्तर आलं तर मात्र चूक म्हणून कळवायचं. दोन प्रयत्नांत सर्वसाधारणपणे निदान ३० मिनिटं जाऊ द्यावीत आणि ४-५ दिवस तरी हार मानू नये, हेही त्यातच आहे. हाच भेद सर्व्हरांच्या आपापसातल्या बोलण्यातही दिसतो. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘नंतर या’, ५ ने सुरू होणारा म्हणजे ‘येऊ नका’.

म्हणजे मेल सर्व्हर शहाणाच आहे. नेट नसलं तर तो पत्र फेकत नाही. मग माझं चौथं पत्र का परत आलं?

कारण ‘नेट नाही’ हा एकच प्रकार नसतो. वायफाय बंद आहे, केबल काढलेली आहे, संगणकाला बाहेर जायचा मार्गच माहीत नाही, हा झाला सर्वांत सज्जन प्रकार. प्रश्न पाठवायला गेलं की यंत्राचं स्वतःचंच उत्तर तत्काळ येतं, रस्ता नाही. क्षणात निकाल, आणि तोही ‘ट्राय अगेन’ असा.

दुसरा प्रकार चिडका. घरातला राउटर चालू आहे, वायफायची पट्टी भरलेली आहे, पण राउटरच्या पलीकडची लाईन मेलेली. संगणकाला वाटतं रस्ता आहे. प्रश्न निघतो आणि हरवतो. लिनक्सवर नेहमीची सेटिंग अशी की एका नेमसर्व्हरची वाट ५ सेकंद बघायची आणि असे २ प्रयत्न करायचे. म्हणजे एकच नेमसर्व्हर असला तर एका प्रश्नामागे १० सेकंद गेले. नेमसर्व्हर ३ पर्यंत लिहिता येतात आणि लोक हौसेने तिन्ही लिहितात. मेलेल्या लाईनवर ती हौस उलटते. रांगेत ४० डोमेनांची पत्रं असली तर सर्व्हर नुसता उसासे टाकत बसतो.

तिसरा प्रकार खोटारडा. फुकटच्या वायफायवर आधी एक पान उघडतं, तिथे नंबर टाका, अटी मान्य करा, मग नेट. ते पान समोर यावं म्हणून मधलं यंत्र डीएनएसची उत्तरं बदलतं. कुठलंही नाव विचारा, ते स्वतःचाच पत्ता देतं. एमएक्ससारखा वेगळा प्रश्न विचारला की मात्र यातली काही यंत्रं गोंधळतात आणि सरळ ‘असं नाव नाही’ म्हणून मोकळी होतात. माझ्या लॅपटॉपने वायफाय जोडलं आणि मी त्या पानावर नंबर टाकण्याच्या आधीच चौथ्या पत्राची पाळी आली. ते सर्वांत नवं होतं, म्हणून त्याची पुन्हा प्रयत्न करण्याची वेळ लवकर होती. बाकीची तिघं आधी बऱ्याचदा अपयशी ठरल्यामुळे त्यांच्या दोन प्रयत्नांमधली थांबायची वेळ वाढत गेली होती. पोस्टफिक्समध्ये ती ३०० सेकंदांपासून ४००० सेकंदांपर्यंत वाढते. त्या थांबण्यानेच ती वाचली. चौथ्याला खोटं पण ठाम उत्तर मिळालं, आणि ठाम उत्तरावर सर्व्हरने नियमाप्रमाणे वागून पत्र परत केलं. त्याचा काय दोष?

नकळत विचारले जाणारे प्रश्न

पत्र पाठवतानाच नावं शोधली जातात असं आपल्याला वाटतं. खरं तर मेल सर्व्हर दिवसभर कुणाची ना कुणाची चौकशी करत असतो.

सुरू होतानाच पहिली चौकशी स्वतःची. सेंडमेलला आपलं पूर्ण नाव, म्हणजे डोमेनसकट नाव, हवं असतं. ते हॉस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे यंत्रावरच्याच नावं-पत्त्यांच्या यादीत, नसेल तर तो डीएनएसला विचारतो, आणि लाईन नसेल तर लॉगमध्ये ‘माझं नाव कळत नाही, झोपून पुन्हा विचारतो’ अशा अर्थाची ओळ लिहून ६० सेकंद खरोखर झोपतो. संगणक चालू करताना सेंडमेलच्या ओळीवर पडदा मिनिटभर गोठलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना आता कारण कळेल. उपाय एका ओळीचा आहे: हॉस्ट्स फाइलमध्ये स्वतःच्या पत्त्यापुढे आधी पूर्ण नाव आणि मग छोटं नाव लिहायचं.

मग कुणी जोडलं की त्याची चौकशी. घरातल्या दुसऱ्या संगणकावरून पत्र द्यायला गेलात, तर सर्व्हर त्या आयपी पत्त्यावरून उलट नाव शोधतो. घरातले १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते बाहेरच्या जगाला सांगता येत नाहीत, पण प्रश्न मात्र बाहेर जातो आणि हरवतो. ‘पाठवा’ दाबल्यावर मेलचा प्रोग्रॅम दहा-वीस सेकंद लटकतो तो यामुळे, आणि आपण दोष देतो त्या प्रोग्रॅमला. घरातली चार यंत्रं हॉस्ट्स फाइलमध्ये लिहून टाकली की हे थांबतं.

पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का, हीही एक चौकशी. स्पॅम अडवायला ती उत्तम, पण सतत जोडलेल्या सर्व्हरवर. फेचमेलसारख्या प्रोग्रॅमने दूरच्या पेटीतली २०० पत्रं ओढून आपल्या स्थानिक सर्व्हरच्या हवाली केली, की प्रत्येकामागे एक प्रश्न जातो. मध्येच लाईन तुटली तर उरलेल्यांना ‘नंतर या’. ही पत्रं आधीच एका सर्व्हरने तपासून घेतलेली असतात. दुसऱ्यांदा तपासायचं कारण नाही, ती अट काढून टाकावी. सेंडमेलला तर पत्त्यांतली नावं डीएनएसला विचारून ‘शुद्ध’ करायची जुनी खोड आहे. ती ‘नोकॅनोनिफाय’ या सोयीने बंद होते.

हे प्रश्न एकेकाळी पैशांत मोजले जायचे. गरज पडेल तेव्हा आपोआप फोन लावणारी आयएसडीएनची, म्हणजे डिजिटल फोनलाईनची, जोडणी असायची. बाहेर जाणारं कुठलंही पॅकेट म्हणजे गरज, आणि डीएनएसचा एक क्षुल्लक प्रश्नसुद्धा पॅकेटच. रांगेत एखादं पत्र अडकलेलं असलं की सर्व्हर दर अर्ध्या तासाने ते तपासणार, नाव विचारणार, फोन लागणार, रात्रभर. बिल आल्यावर घरात चौकशी सुरू व्हायची ती वेगळीच. बाइंड या नेमसर्व्हरमध्ये ‘डायलअप’ नावाची खास सेटिंग होती, देखभालीची सगळी कामं ठरावीक वेळाने एकाच फोनमध्ये उरकायची म्हणून. आज मोबाईल डेटा आणि उपग्रहाच्या लाईनवर तोच हिशेब वेगळ्या रूपात परत आलाय.

विचारायचंच नाही

इलाज दोन भागांत आहे. पहिला असा की नावं शोधण्याचं काम आपण करूच नये. सतत जागा असणारा एक सर्व्हर निवडायचा आणि सगळी पत्रं, कुणाचीही असोत, त्याच्याकडे टाकायची. याला स्मार्टहोस्ट म्हणतात. जगातल्या सगळ्या डोमेनांच्या एमएक्स नोंदी तो शोधेल, खोट्या वायफायचा त्याला उपद्रव नाही, आणि समोरचा ‘नंतर या’ म्हणाला तर त्याच्याकडे थांबायला अख्खा दिवस आहे. आपल्याला फक्त एकच नाव माहीत असावं लागतं, त्याचं. तसंही घरगुती किंवा मोबाईल लाईनवरून थेट दिलेली पत्रं आजकाल बहुतेक मोठे सर्व्हर घेत नाहीत, तेव्हा स्मार्टहोस्टवाचून पर्यायही फारसा उरलेला नाही.

पोस्टफिक्समध्ये हे ‘रिलेहोस्ट’ या ओळीत लिहितात. तिथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती चुकवणारे पुष्कळ: नाव चौकटी कंसात लिहा. कंस नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाची आधी एमएक्स नोंद शोधतो. कंस असेल तर ‘हेच यंत्र, थेट आयपी पत्ता बघ’ असा अर्थ होतो. एक प्रश्न वाचला आणि भलतीकडे जाण्याची शक्यताही गेली. सेंडमेलमध्येही कंसाचा अर्थ हाच.

पोस्टफिक्सचं एक शहाणपण मला फार आवडतं. रिलेहोस्टचं नाव सापडलंच नाही, अगदी ठाम ‘नाही’ असं उत्तर आलं, तरी तो पत्र परत करत नाही. तो धरून चालतो की सेटिंगमध्ये काहीतरी चुकलं असावं, लॉगमध्ये इशारा लिहितो आणि पत्र रांगेत ठेवतो. म्हणजे नुसता रिलेहोस्ट लावल्याने माझं चौथं पत्र वाचलं असतं. मी तेव्हा तो लावलेला नव्हता, ‘आपला सर्व्हर आपण थेट पोहोचवतो’ या मिजाशीत होतो.

दुसरा भाग म्हणजे लाईन आहे हे पक्कं कळेपर्यंत पत्राला हातच लावायचा नाही. पोस्टफिक्समध्ये ‘डिफर ट्रान्सपोर्ट्स’ या सेटिंगमध्ये, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर देऊन, एसएमटीपीचं, म्हणजे बाहेर पत्रं नेणाऱ्या वाटेचं, नाव लिहिलं की बाहेर जाणारी पत्रं आली तशी रांगेत बसतात. कुणी ‘सेंडमेल’ ही आज्ञा ‘उणे क्यू’ लावून देईपर्यंत ती हलत नाहीत. ही आज्ञा पोस्टफिक्समध्येही याच नावाने असते, जुन्या सवयींना मान म्हणून. लक्षात ठेवायचं एवढंच की लाईन चालू असताना लिहिलेलं नवं पत्रही आज्ञेची वाट पाहत बसणार. म्हणून लाईन आहे तोवर ती आज्ञा दर काही मिनिटांनी देत राहावी लागते.

सेंडमेलमध्ये पत्र घेताना नावं शोधणंसुद्धा पुढे ढकलणारी ‘डिफर्ड’ नावाची पद्धत आहे; शिवाय बाहेरची वाट ‘महाग’ आहे असं सांगून ठेवता येतं, मग तो तिकडे उठसूट जात नाही. एक्झिममध्ये ठरावीक डोमेनांची पत्रं फक्त रांगेत ठेवा असं सांगता येतं, आणि ‘मॅन्युअलराउट’ वापरून सगळ्यांसाठी एकच यंत्र नेमता येतं. तपशील त्यांच्या पुस्तिकांत आहेत, कल्पना तीच.

आता खरा प्रश्न, ती आज्ञा द्यायची कधी? वायफाय जोडलं की, असं उत्तर पहिल्यांदा सुचतं आणि तेच चुकीचं आहे. वायफाय जोडणं आणि नेट असणं या दोन गोष्टी आहेत, माझं चौथं पत्र त्याची साक्ष देईल. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्रॅम जोडणीची अवस्था सांगतो: काहीच नाही, मध्ये पोर्टल (नंबर मागणारं ते पान) आहे, मर्यादित आहे, की पूर्ण आहे. अवस्था बदलली की तो आपली छोटी स्क्रिप्टही चालवतो. माझी स्क्रिप्ट सात ओळींची आहे. अवस्था ‘फुल’ असेल तरच पुढे जाते आणि रांग सोडते, नाहीतर गुपचूप संपते.

हॉस्ट्स फाइलमध्ये लिहून टाकू का?

हा प्रश्न हमखास येतो. एकच नाव तर लागतंय, मग स्मार्टहोस्टचा आयपी पत्ता फाइलमध्येच लिहावा, डीएनएसची कटकटच नको. पोस्टफिक्समध्ये डीएनएस पूर्ण बंद करून फाइलमधूनच नाव शोधायची सोय आहे.

यात एक चांगलं तत्त्व दडलंय. पत्ता माहीत असताना लाईन नसली तर अपयश येतं ते ‘जोडता आलं नाही’ असं. जोडता न येणं ही कायमची चूक आहे असं कुठलाही मेल सर्व्हर पहिल्या फटक्यात मानत नाही, तो थांबतो. खोटं बोललं जाऊ शकतं ते नावांच्या बाबतीत. म्हणजे फाइलमध्ये लिहिल्याने धोक्याचं अपयश निरुपद्रवी अपयशात बदलतं.

तरी मी ते करत नाही. सर्व्हर चालवणारे आयपी पत्ते न सांगता बदलतात, ते बदलता यावेत म्हणूनच तर नावं आहेत. आणि सहा महिन्यांनी पत्र जात नाही तेव्हा आपणच लिहिलेली ती ओळ आपल्याला सर्वांत शेवटी आठवते. स्मार्टहोस्ट तुमचाच असेल, पत्ता तुमच्याच हातात असेल, तर खुशाल लिहा. परक्याचा असेल तर नाव ठेवा आणि समोरच्या सर्व्हरची ओळख पटवणारं टीएलएस प्रमाणपत्र तपासायची सेटिंग मात्र कडक ठेवा. पोर्टलने स्मार्टहोस्टच्या नावावर स्वतःचा पत्ता दिलाच, तर त्याच्याकडे त्या नावाचं प्रमाणपत्र नसतं. जोडणी तिथेच तुटते, आणि तुमचा पासवर्ड त्याच्या हाती लागत नाही.

काहीजण लॅपटॉपवरच डीएनएसमास्क किंवा अनबाउंड यांसारखा छोटा नेमसर्व्हर बसवून उत्तरं साठवून ठेवतात. दुसऱ्या कारणांसाठी चांगलं आहे, पण ईमेलसाठी त्याने फारसं साधत नाही. प्रत्येक उत्तराला मुदत असते, लॅपटॉप झोपेत असताना ती संपून जाते. मुदत संपलेली उत्तरंही अडचणीच्या वेळी वापरावीत असं सांगणारा आरएफसी ८७६७ हा २०२० मध्ये आला आणि अनबाउंडमध्ये ती सोय आहे. पण रस्ताच बंद असताना पत्ता कळून करणार काय? उलट एक फटका बसू शकतो. ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा साठवलं जातं. पोर्टलचं खोटं एकदा साठवणीत शिरलं की पानावर नंबर टाकून झाल्यावरही ते काही काळ तसंच मिळत राहतं. डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्या तपासणारा नेमसर्व्हर अशी खोटी उत्तरं ओळखून सर्व्हफेल देऊ शकतो, आणि सर्व्हफेल म्हणजे ‘ट्राय अगेन’. साठवण ठेवायचीच असेल तर सह्या तपासणारी ठेवा आणि नेट बदललं की रिकामी करा.

जुन्या प्रतीचं भूत

एक प्रसंग असा येतो की ब्राउझर चालतोय, कुठलंही नाव हाताने शोधलं तर सापडतंय, आणि पोस्टफिक्स मात्र ‘ट्राय अगेन’चा जप करतोय. डोकं फिरतं. कारण हे असतं की अनेक यंत्रांवर, विशेषतः डेबियन या लिनक्सच्या वळणाच्या, पोस्टफिक्सचे भाग एका बंदिस्त फोल्डरमध्ये चालतात, त्यांना बाहेरच्या फाइली दिसत नाहीत. नेमसर्व्हर कोण हे सांगणाऱ्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलची एक वेगळी प्रत त्या फोल्डरमध्ये असते. घरून निघालात, नेमसर्व्हर बदलला, मूळ फाइल बदलली, पण आतली प्रत घरचीच राहिली. पोस्टफिक्स अजून घरच्या राउटरला विचारतोय, जो शंभर किलोमीटर मागे राहिलाय. नेट बदलल्यावर प्रत ताजी करून पोस्टफिक्सला जागं करणारी स्क्रिप्ट बहुधा सोबत येते, पण ती दर वेळी चालतेच असं धरू नका. दोन्ही फाइली शेजारी ठेवून बघा, एका मिनिटाचं काम आहे. माझ्या सात ओळींपैकी पहिल्या दोन याच कामासाठी आहेत.

सहाव्या दिवशी

सगळं लावून झाल्यावरही एक खड्डा उरतो, आणि तो लांबच्या सफरीवरच्या लोकांना गाठतो. पोस्टफिक्स पत्र रांगेत ठेवतो ते ५ दिवस. लॅपटॉप सोमवारी मिटलात, रांगेत दोन पत्रं आहेत, आणि पुढच्या रविवारी उघडलात. उघडताच, नेट जोडायच्या आधी, सर्व्हर रांगेवर नजर टाकतो. पत्र पाठवायचं नाही असं आपणच सांगितलंय, म्हणून तो ‘पुढे ढकललं’ असं नोंदवतो. आणि मग तारीख बघतो. सहा दिवस झाले, मुदत संपली, पत्र परत. प्रत्यक्षात दोन-तीनदाच प्रयत्न झालेले असतात, पण मुदत मोजली जाते ती घड्याळाने, प्रयत्नांनी नाही. त्यातही पुढचा विनोद असा की ‘पत्र परत आलं’ हे सांगणारं पत्र माझ्या बाहेरच्या पत्त्यावर जायचं असतं, त्यामुळे तेही त्याच रांगेत नेटची वाट पाहत बसतं.

नियमात ४-५ दिवस ही खालची मर्यादा आहे, वरची नाही. ‘मॅक्सिमल क्यू लाइफटाइम’ ही ओळ, पुन्हा अंडरस्कोअर घालून, मोठी करायची. मी ती ३० दिवसांवर ठेवली आहे. लांब निघण्याआधी एकदा वायफाय बंद करून स्वतःलाच एक पत्र लिहितो आणि ‘मेलक्यू’ ही रांग दाखवणारी आज्ञा देतो. पत्र तिथे दिसलं, आणि कारणाच्या जागी पाठवणी थांबवून ठेवल्याचं लिहिलेलं असलं, की लॅपटॉप मिटून पिशवीत टाकतो.